पाच मुद्द्यांचा तो तक्ता फाडून टाका

‘कंपायलर आणि इंटरप्रिटर यांतला फरक स्पष्ट करा.’ हा प्रश्न बीएस्सी आयटीच्या पहिल्या वर्षापासून इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेपर्यंत आणि तिथून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत मुलांची पाठ सोडत नाही. उत्तरही ठरलेलं असतं. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे कंपायलर, उजवीकडे इंटरप्रिटर आणि खाली पाच मुद्दे. टिटवाळ्याहून कल्याण-डोंबिवलीच्या कॉलेजांत जाणारी मुलं परीक्षेच्या दिवसांत लोकलच्या दारात उभी राहून हा तक्ता घोकताना दिसतात. मुलांवर माझा राग नाही. त्यांना जे लिहून दिलं ते त्यांनी पाठ केलं. राग आहे तो या तक्त्यावर, कारण तो जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकीचा आहे. आणि त्याहून मोठा राग आहे त्यातून पसरलेल्या वृत्तीवर, जी सांगते की सी आणि जावावाले खरे प्रोग्रॅमर, बाकीचे नुसते स्क्रिप्ट लिहिणारे.

हे मत खोडायचं तर आधी ते पूर्ण मांडलं पाहिजे. ते असं : कंपायलर अख्खा प्रोग्रॅम एकदम वाचून त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो, इंटरप्रिटर एक ओळ वाचतो, ती चालवतो, मग पुढची वाचतो. त्यामुळे भाषांचे दोन वर्ग पडतात. सी, सी प्लस प्लस या कंपाइल होणाऱ्या भाषा. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी या इंटरप्रिट होणाऱ्या. पहिला वर्ग वेगवान, दुसरा संथ. पहिल्या वर्गात सगळ्या चुका चालवण्याआधीच एकत्र कळतात, दुसऱ्यात एकेक करून चालताना कळतात. दुसऱ्या वर्गात जे लिहिलं जातं ती स्क्रिप्ट. तिला प्रोग्रॅम म्हणायचं ते केवळ सौजन्य म्हणून. म्हणून ज्याला या क्षेत्रात काही व्हायचं आहे त्याने आधी ‘कंपाइल्ड’ भाषा शिकावी. हे मत कल्याण स्टेशनबाहेरच्या क्लासमध्ये ऐकू येतं, कॉलेजच्या लॅबमध्ये ऐकू येतं आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखती घेणाऱ्या वरिष्ठांच्या तोंडूनही येतं. आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, ओळीओळीचा. हा पडताळायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पायथनमध्ये तीन ओळींची फाइल करा. पहिली ओळ ‘टिटवाळा’ छापणारी, दुसरी ‘आंबिवली’ छापणारी, तिसरी ‘शहाड’ छापणारी. पण तिसऱ्या ओळीतला शेवटचा कंस मुद्दाम गाळा. फाइल चालवा. इंटरप्रिटर खरंच ओळीओळीने जात असता तर टिटवाळा आणि आंबिवली पडद्यावर यायला हवे होते आणि गाडी शहाडला अडायला हवी होती. प्रत्यक्षात काहीच छापलं जात नाही. थेट तिसऱ्या ओळीतल्या न मिटलेल्या कंसाची तक्रार येते. का? कारण पहिली ओळ चालवण्याआधी पायथनने अख्खी फाइल वाचली, तिचं व्याकरण तपासलं आणि तिचं बाइटकोडमध्ये, म्हणजे पायथनच्या आतल्या सोप्या सूचनांमध्ये, रूपांतर करायला घेतलं. म्हणजे त्याने कंपाइल केलं. अख्खा प्रोग्रॅम एकदम वाचून दुसऱ्या भाषेत उतरवणं हे तक्त्याच्या डाव्या बाजूचं वर्णन आहे, आणि ते उजव्या बाजूच्या भाषेला तंतोतंत लागू पडतं.

याहून जवळून पाहायचं असेल तर पायथनबरोबरच येणारं ‘डिस’ हे मॉड्यूल वापरा. ते बाइटकोड उलगडून दाखवतं. एका दिवसाचे सेकंद काढायला चोवीस गुणिले साठ गुणिले साठ असं लिहा आणि त्या ओळीचा बाइटकोड पाहा. त्यात गुणाकार कुठेच सापडत नाही. तिथे थेट ८६४०० हा आकडा उचलण्याची सूचना आहे. प्रोग्रॅम चालायच्या आधीच तो हिशेब उरकलेला आहे. कंपायलरच्या पाठ्यपुस्तकात ज्याला ऑप्टिमायझेशन म्हणतात त्याचं हे पहिल्या धड्यातलं उदाहरण. ते पायथनमध्ये रोज घडतं, आणि आपण मुलांना सांगतो की पायथनला कंपायलर नाही. एखादं मॉड्यूल इम्पोर्ट केलं की शेजारी ‘पायकॅश’ नावाचा फोल्डर तयार होतो. त्यात पीवायसी फाइली असतात, म्हणजे कंपाइल करून ठेवलेला माल, पुढच्या वेळी पुन्हा तेच काम करावं लागू नये म्हणून. लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर हा फोल्डर आहे. तो उघडून दाखवायला किती वेळ लागतो?

मग ओळीओळीने काही चालतच नाही का? चालतं. लिनक्सवरचा बॅश हा शेल आपली स्क्रिप्ट खरोखर वाचत वाचत चालवतो. शेवटच्या ओळीत गफलत असली तरी आधीच्या ओळी निमूटपणे पार पडतात. पण तोही अगदी सरळ ओळीओळीने जात नाही. लूप आला की तो लूप संपेपर्यंतचा सगळा मजकूर त्याला आधी वाचावा लागतो, मगच तो पहिली फेरी सुरू करतो. म्हणजे तक्त्यातलं उजव्या रकान्याचं वर्णन ज्याला सगळ्यांत जवळून लागू पडतं, तोही त्या वर्णनात नीट मावत नाही.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे आणि तिथली चूक अधिक घातक : कंपाइल होणं किंवा इंटरप्रिट होणं हा भाषेचा अंगभूत गुण आहे ही समजूत. भाषा म्हणजे नियमांचा संच : कोणतं वाक्य शुद्ध आणि त्याचा अर्थ काय. तो अर्थ यंत्रावर कसा उतरवायचा हे भाषा राबवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. इतिहास याची साक्ष पहिल्या पानापासून देतो. बेसिकचंच पाहा. आपल्याकडे १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला, बीबीसी मायक्रो संगणक आले आणि एका पिढीने त्यावर बेसिक गिरवलं. ते बेसिक इंटरप्रिटरवर चालायचं, म्हणून बेसिक ही इंटरप्रिटेड भाषा असं त्या पिढीच्या मनात पक्कं झालं. त्याच पिढीतले पुढे शिक्षक झाले. पण १ मे १९६४ रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी जी बेसिक पहिल्यांदा चालवली, तिचा कंपायलर होता. छोट्या घरगुती संगणकांत जागा तुटपुंजी, म्हणून पुढे तिच्यासाठी इंटरप्रिटर लिहिले गेले. भाषा तीच. बदलली ती यंत्राची ऐपत आणि लिहिणाऱ्याची निवड.

लिस्पचा दाखला तर याहून बोलका. जॉन मॅकार्थीने ती भाषा मांडली, स्टीव्ह रसेलने तिचा इंटरप्रिटर आयबीएम ७०४ वर उतरवला. मग १९६२ मध्ये एमआयटीत टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला, तो इंटरप्रिटरवर चालवला आणि त्याच्याकडून त्याचंच रूपांतर करून घेतलं. इंटरप्रिटरवर चालणाऱ्या कंपायलरने स्वतःला कंपाइल केलं! ही साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे. तिला आपल्या तक्त्यात कुठे बसवणार, डावीकडे की उजवीकडे?

उलट दिशेनेही जाता येतं. सी आणि सी प्लस प्लस या तक्त्यातल्या सर्वांत ‘शुद्ध’ कंपाइल्ड भाषा. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ ‘क्लिंग’ नावाच्या साधनावर सी प्लस प्लस वापरतात, ते असं : एक वाक्य टाइप करायचं, एंटर मारायचं, उत्तर लगेच पाहायचं. फाब्रिस बेलार्डचा छोटासा सी कंपायलर ‘टीसीसी’ सी भाषेची फाइल स्क्रिप्टसारखी थेट चालवतो. फाइलच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव घातलं की काम झालं. जावाच्या ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, एका फाइलचा जावा प्रोग्रॅम आधी कंपाइल करून न ठेवता थेट चालवता येतो. मग ती जावाची फाइल त्या दिवशी स्क्रिप्ट झाली का? आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केली की पुन्हा खानदानी प्रोग्रॅम झाली?

जावास्क्रिप्टकडे या. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने ती ब्राउझरसाठी केली, आणि ‘इंटरप्रिटेड स्क्रिप्टिंग भाषा’ हा शिक्का तिच्यावर कायमचा बसला. २००८ मध्ये क्रोम ब्राउझर आला. त्यातलं व्ही-८ हे इंजिन जावास्क्रिप्टचं थेट मशीन कोडमध्ये रूपांतर करायचं, मध्ये इंटरप्रिटर नव्हताच. म्हणजे जग ज्या काळात जावास्क्रिप्टला इंटरप्रिटेड म्हणत होतं, त्याच काळात सर्वांत गाजलेल्या ब्राउझरमध्ये ती निव्वळ कंपाइल होत होती. पुढे २०१७ मध्ये त्याच इंजिनात ‘इग्निशन’ नावाचा इंटरप्रिटर मुद्दाम घालण्यात आला. कारण मशीन कोड मेमरी फार खातो, आणि स्वस्त मोबाइलवर ती परवडत नाही. आता एखादा तुकडा आधी इंटरप्रिटरवर चालतो आणि वारंवार लागतोय असं दिसलं की त्याचं मशीन कोडमध्ये रूपांतर होतं. एकाच प्रोग्रॅमचे काही भाग या क्षणी इंटरप्रिट होत असतात, काही कंपाइल झालेले असतात.

अँड्रॉइडची गोष्ट तर आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. सुरुवातीला त्यातलं ‘डाल्विक’ ॲपचा बाइटकोड इंटरप्रिट करायचं. २०१० मध्ये, २.२ या आवृत्तीत, चालता चालता कंपाइल करण्याची सोय आली. २०१४ च्या ५.० मध्ये ‘एआरटी’ आलं आणि ॲप बसवतानाच ते कंपाइल होऊ लागलं, त्यामुळे ॲप बसायला वेळ लागायचा. २०१६ च्या ७.० पासून तिन्हींचा मेळ घातला गेला : आधी इंटरप्रिट, मग गरजेप्रमाणे चालताना कंपाइल, आणि फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवला की जे भाग जास्त वापरले गेले ते कायमचे कंपाइल. ॲप लिहिणाऱ्याने एक अक्षर बदललं नाही. मग सांगा, त्याने कोणत्या जातीच्या भाषेत लिहिलं?

टिटवाळ्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडून सुटणारी फास्ट लोकल कल्याणपर्यंत आंबिवली, शहाड करत प्रत्येक स्टेशनात थांबते आणि कल्याणनंतर स्टेशनं गाळत जाते. ती गाडी फास्ट की स्लो, हा प्रश्न आपल्यातला कोणी विचारत नाही. कुठून कुठपर्यंत, एवढंच विचारतो. प्रोग्रॅमबद्दलही तोच प्रश्न विचारायचा असतो. कोणता भाग, कोणत्या टप्प्यावर, कशात रूपांतरित झाला आणि पुढे कोणी चालवला?

तिसरा मुद्दा वेगाचा. इथे एक गोष्ट खरी आहे आणि ती मी मान्य करतो : लाखो वेळा फिरणारा साधा बेरजेचा लूप सीमध्ये लिहिला तर तो नेहमीच्या पायथनपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने संपतो. पण तक्ता त्याचं जे कारण सांगतो ते चूक आहे, आणि चुकीचं कारण पाठ असलेला माणूस कधीच योग्य उपाय शोधू शकत नाही. पायथन संथ होतो तो ओळी वाचण्यात नाही. लूपची ओळ तो पुन्हा पुन्हा वाचतच नाही. तो संथ होतो कारण ‘अ अधिक ब’ असं लिहिलं की अ आणि ब हे पूर्णांक आहेत, दशांश आहेत, मजकूर आहे की याद्या आहेत, हे त्याला प्रत्येक फेरीत नव्याने पाहावं लागतं. सीमध्ये हा निर्णय लिहिणाऱ्याने आधीच दिलेला असतो, म्हणून तिथे बेरजेची एकच सूचना पुरते. हा प्रकार न बदलता पायथनचा बाइटकोड जसाच्या तसा मशीन कोडमध्ये उतरवला तरी फारसं हाती लागत नाही, कारण तपासणीचं काम तसंच राहतं. खरा वेग मिळतो तो अंदाज बांधल्यावर : हा लूप आतापर्यंत फक्त पूर्णांकच पाहतो आहे, तेव्हा पूर्णांकांपुरता कोड तयार करू, आणि अंदाज चुकला तर मागे येऊ. पायथनच चालवणारं ‘पायपाय’ हेच करतं, व्ही-८ हेच करतं. अधिकृत पायथनच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या ३.१३ या आवृत्तीतही चालता चालता कंपाइल करणारा भाग प्रायोगिक स्वरूपात आला आहे. वेगाचं गणित ‘काय केव्हा ठरलं’ यावर बेतलेलं आहे. हे एक वाक्य मुलाला कळलं तर तो पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल असं काहीतरी शिकला. ‘कंपायलर फास्ट, इंटरप्रिटर स्लो’ एवढंच पाठ केलं तर काय शिकला?

शिवाय प्रत्यक्ष कामात वेळ जातो कुठे, तेही पाहा. नमपाय या लायब्ररीवर मोठमोठे तक्ते गुणणारा पायथनचा प्रोग्रॅम सगळा जड भार आत बसलेल्या सी आणि फोरट्रानमधल्या कोडवर टाकतो. पायथन फक्त कोणतं काम कधी करायचं ते सांगतो. तिथे पायथन संथ आहे म्हणून सगळा प्रोग्रॅम सीमध्ये लिहायला बसणाऱ्याचे महिने जातील आणि वेग जवळजवळ तेवढाच राहील.

चौथा मुद्दा चुकांचा : कंपायलर सगळ्या चुका एकदम दाखवतो, इंटरप्रिटर पहिल्या चुकीवर थांबतो. १९८३ मध्ये बाजारात आलेला बोरलँडचा टर्बो पास्कल हा कंपायलर होता याबद्दल कोणाचं दुमत नसावं. तो पहिल्या चुकीवर थांबायचा आणि कर्सर थेट त्या जागेवर नेऊन ठेवायचा. लोकांना ते इतकं आवडलं की त्या काळच्या सर्वांत यशस्वी कंपायलरांत त्याची गणना झाली. म्हणजे पहिल्या चुकीवर थांबावं की पुढे जावं, ही रचनाकाराची आवड झाली. आणि सगळ्या चुका म्हणजे कोणत्या? सीमध्ये दहा घरांच्या ॲरेच्या पंधराव्या घरात लिहिणारा प्रोग्रॅम कंपाइल होतो, आणि चालताना कुठेतरी तिसरीकडेच मोडतो. पायथन त्याच चुकीवर नेमकं बोट ठेवतो, फक्त चालताना. कोणती चूक केव्हा पकडायची हा भाषेच्या रचनेचा गंभीर प्रश्न आहे. तो ‘एकदम’ आणि ‘एकेक’ या दोन शब्दांत उरकून टाकणं म्हणजे विद्यार्थ्याला त्या प्रश्नाच्या दारातूनच परत पाठवणं आहे.

आता पाचवा मुद्दा, ज्याने मुलांची मनं प्रत्यक्ष दुखावतात : स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे. या भेदाला एकेकाळी आधार होता. टीसीएल या भाषेचा जनक जॉन औस्टरहाउट याने १९९८ मध्ये एका गाजलेल्या लेखात भाषांचे दोन गट पाडले : मोठ्या प्रणाली पायापासून उभारणाऱ्या, आणि तयार सुटे भाग एकमेकांना जोडणाऱ्या. पण त्यानेही स्क्रिप्टिंगला कमी लेखलं नव्हतं. येणाऱ्या शतकाचं बरंचसं काम याच भाषांत होईल असं त्याचं म्हणणं होतं. ते म्हणणं खरं ठरलं, आणि आपण अजून त्या भेदातली उतरंडच तेवढी जपून ठेवली आहे.

स्क्रिप्ट हे नाव एखादा प्रोग्रॅम कशासाठी वापरला जातो याचं आहे. काम छोटं, पुन्हा पुन्हा करावं लागणारं, दुसऱ्या प्रोग्रॅमांना कामाला लावणारं. ते कोणत्याही भाषेत लिहिता येतं. आणि स्क्रिप्ट म्हणून सुरू झालेली वस्तू किती मोठी होते, याला मर्यादा नाही. २००५ मध्ये जन्मलेल्या गिट या साधनाच्या सुरुवातीच्या कितीतरी आज्ञा शेल आणि पर्लमधल्या स्क्रिप्ट होत्या. फेसबुक पीएचपीत लिहिलं गेलं. भार पेलेना तेव्हा कंपनीने २०१० मध्ये पीएचपीचं सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करणारं ‘हिपहॉप’ जाहीर केलं. ज्या दिवशी ते रूपांतर झालं त्या दिवशी तोच कोड लिहिणारी माणसं स्क्रिप्टवाल्यांची प्रोग्रॅमर झाली का? आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली. तिच्या निरीक्षणांवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ ‘कासा’ हे पॅकेज वापरतात. त्याचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे आणि त्याला कामाला लावणाऱ्या स्क्रिप्ट पायथनमध्ये. आकाशाचा नकाशा त्या स्क्रिप्टमधून उभा राहतो. त्यात डोकं लागत नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे?

आता आपल्याच भागातला मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर आणा. पहाटेची लोकल पकडून ठाण्याला जायचं, तिथे गाडी बदलून ऐरोलीला, टेस्टिंगच्या कामावर. शंभर पडदे हाताने तपासण्याऐवजी ती पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिते आणि दिवसाचं काम तासाभरात आणते. त्यासाठी तिने अडचणीचे तुकडे पाडले, अपवाद विचारात घेतले, चुका शोधल्या, दुसऱ्याला वाचता येईल असं लिहून ठेवलं. प्रोग्रॅमिंगमध्ये याहून वेगळं काय असतं? पतपेढीत बसून एक्सेलचा मॅक्रो लिहिणारा कारकून घ्या. त्याचा मॅक्रोसुद्धा आतमध्ये पी-कोडमध्ये कंपाइल होऊनच चालतो. अशा माणसाला ‘तुझं काम म्हणजे नुसती स्क्रिप्ट’ म्हणून गप्प बसवणारा त्या कामाचं मोजमाप करत नसतो, आपली जागा राखत असतो. हा तांत्रिक भेद उरलेलाच नाही, उरली आहे ती फक्त पंगतीतली बसण्याची जागा. आणि त्या जागेच्या भीतीने कित्येक मुलं आपल्याला जमणारं, आवडणारं काम सोडून क्लासच्या फीवर घरचे पैसे घालतात.

यावर शेवटचा बचाव येतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त खटकतो : ‘मुलांना समजावं म्हणून सोपं करून सांगावं लागतं. पुढे कळेल त्यांना.’ सोपं करण्याला माझा विरोध नाही. पण सोपं करून सांगितलेली गोष्ट सत्याच्या वाटेवरचा आधीचा टप्पा असावी लागते, म्हणजे पुढे जाताना तिच्यात भर पडते. हा तक्ता पाठ केलेल्याला पुढे जाताना सगळं पुसून नव्याने लिहावं लागतं. आणि तेही कोण पुसणार? तक्त्याला गुण मिळतात, मुलाखतीत तोच विचारला जातो, उत्तर ‘बरोबर’ धरलं जातं. चुकीची समजूत कधी उघडीच पडत नाही.

शिवाय खरं सोपं उत्तर आपल्या घरातच होतं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेल्या धनंजय ढमढेरे यांचं सिस्टीम प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचलं आहे. त्यात भाषांच्या दोन जाती पाडलेल्या नाहीत. रूपांतर करणं आणि अर्थ लावत चालवणं या दोन कृती म्हणून मांडल्या आहेत, आणि इंटरप्रिटरमध्येही शुद्ध आणि मिश्र असे प्रकार दाखवले आहेत : मिश्र इंटरप्रिटर चालवायला घेण्याआधी प्रोग्रॅमवर काही संस्कार करून घेतो, म्हणजे चालवताना कमी राबावं लागतं. पायथनचं वर्णन याहून नेमकं काय करायचं? पवईतल्या त्याच संस्थेत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं, आणि जीसीसीची रचना समजावून देणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या. खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक २००९ मध्ये आलं, ते जगात वाचलं जातं. कंपायलरच्या ज्ञानाची इतकी मोठी परंपरा कांजूरमार्ग स्टेशनापासून जवळच असताना, त्याच मध्य रेल्वेवरच्या कॉलेजांत मुलांना उभी रेघ आणि पाच मुद्दे का द्यायचे? विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला सिस्टीम प्रोग्रॅमिंग आणि कंपायलर कन्स्ट्रक्शन हा अख्खा विषय आहे. तो शिकवणाऱ्यांनीही तोंडी परीक्षेत तोच तक्ता विचारावा?

कोणी म्हणेल, मग सगळं एकच आहे असं समजायचं का? अजिबात नाही. भेद आहे आणि तो स्वच्छ आहे, फक्त तो भाषांमध्ये नाही. कंपायलरला प्रोग्रॅम दिला की तो दुसरा प्रोग्रॅम परत देतो. इंटरप्रिटरला प्रोग्रॅम दिला की तो त्या प्रोग्रॅमचं काम करून दाखवतो. एवढाच भेद, आणि तो कधी पुसट होत नाही. पुसट होते ती भाषांवर चिकटवलेली चिठ्ठी, कारण जवळजवळ प्रत्येक भाषेच्या प्रवासात या दोन्ही कृती एकामागून एक येतात. जपानी संशोधक योशिहिको फुतामुरा याने १९७१ मध्येच दाखवलं की एखादा इंटरप्रिटर एका ठरावीक प्रोग्रॅमपुरता आटवला की जे उरतं तो त्या प्रोग्रॅमचा कंपाइल केलेला अवतारच असतो. दोघांचं नातं इतकं जवळचं आहे. आणि तळाशी गेलात तर तिथेही इंटरप्रिटरच भेटतो. बारावीला ८०८५ चं असेंब्ली शिकताना मशीन कोड म्हणजे अंतिम सत्य असं वाटतं, पण १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे प्रोसेसर मशीन कोडच्या सूचना आतमध्ये आणखी लहान सूचनांमध्ये फोडतात आणि मग चालवतात. सीचा कंपायलर ज्या भाषेत रूपांतर करून देतो, तिचाही अर्थ लावणारं कोणीतरी खाली बसलेलंच आहे. तो थर कोणत्या रकान्यात घालणार?

म्हणून माझं मागणं आहे, आणि ते टिटवाळ्यापासून मुंबईपर्यंत शिकवणाऱ्या, पेपर काढणाऱ्या आणि मुलाखती घेणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. ‘कंपायलर आणि इंटरप्रिटरमधला फरक’ हा तक्त्याचा प्रश्न बंद करा. त्याऐवजी एक छोटा प्रोग्रॅम द्या आणि विचारा : हा चालेपर्यंत याचं काय काय होतं? कोणती चूक कोणत्या टप्प्यावर पकडली जाईल आणि का? कोणती गोष्ट आधी ठरली, कोणती चालताना ठरेल, आणि त्याची किंमत किती? विद्यार्थ्याला फाइल उघडायला लावा, बाइटकोड पाहायला लावा, कंस गाळून चालवायला लावा. याला नवा संगणक लागत नाही, निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही. लागते ती फक्त शिकवणाऱ्याची पडताळून पाहण्याची तयारी. आणि नोकरी देताना भाषेचं नाव पाहून माणसाची पायरी ठरवणं थांबवा. त्याने काय उभं केलं आणि ते कसं चालतं हे त्याला सांगता येतं का, एवढं पाहा.

भाषा कंपाइल्डही नसते आणि इंटरप्रिटेडही नसते. स्क्रिप्ट लिहिणारा प्रोग्रॅमरच असतो. ज्याला आपला प्रोग्रॅम यंत्रापर्यंत कसा पोहोचतो हे समजतं त्याला कुठल्याही तक्त्याची गरज नाही, आणि ज्याला ते समजत नाही त्याला तक्ता कधीच समजावू शकणार नाही. पाच गुणांसाठी आपण मुलांची समज गहाण टाकतो आहोत. ती सोडवून आणणं आपलं काम आहे, आणि ते याच वर्षी, पुढच्याच तासाला सुरू झालं पाहिजे.